एक्सपाथमधील संच-संक्रिया आणि क्वेरी इष्टतमीकरण : एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा : एक्सएमएल दस्तऐवजातून नोड निवडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्सपाथ या भाषेत संयोग, छेद व फरक अशा तीन संच-संक्रिया आहेत. त्यांची नावे संबंधात्मक बीजगणितामुळे परिचित असली, तरी त्यांचा अर्थ मूल्यावर नव्हे, तर नोडची ओळख आणि दस्तऐवजातील क्रम यांवर आधारलेला आहे. या भेदामुळे क्वेरीच्या इष्टतमीकरणाचे कोणते नियम एक्सपाथमध्ये वैध राहतात आणि कोणते राहत नाहीत, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : एक्सएमएल, एक्सपाथ, पथराशी, संयोग, छेद, फरक, दस्तऐवज-क्रम, इष्टतमीकरण.

प्रस्तावना

इ. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान मांडले, तेव्हापासून डेटाबेस आणि संचसिद्धान्त यांचे नाते अतूट झाले. तक्ता म्हणजे ओळींचा संच, ही कल्पना एकदा स्वीकारली की संयोग, छेद व फरक या संक्रिया आपोआप उपलब्ध होतात. शिवाय गणितात सिद्ध झालेले त्यांचे नियम क्वेरीचे रूप बदलण्यासाठी वापरता येतात. ऑप्टिमायझर नावाचा घटक हेच काम करतो. वापरकर्त्याने लिहिलेली क्वेरी तो समान अर्थाच्या, परंतु कमी खर्चाच्या क्वेरीत रूपांतरित करतो.

एक्सएमएलची पहिली शिफारस डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. पाठोपाठ नोव्हेंबर १९९९ मध्ये एक्सपाथ १.० आले. जेम्स क्लार्क आणि स्टीव्ह डीरोझ हे त्याचे संपादक होते. येथे तक्ता नाही, वृक्ष आहे. क्वेरी म्हणजे ओळींवरची अट नसून मुळापासून फांद्यांकडे जाणारी वाट आहे. या वाटेच्या लेखनाला येथे पथराशी म्हटले आहे. अध्यापनात मात्र एसक्यूएल आधी आणि एक्सएमएल नंतर येते. परिणामी एक्सपाथमधील छेद हा एसक्यूएलमधील छेदासारखाच आहे, असे एका वाक्यात सांगून पुढे जाण्याचा मोह होतो. हे वाक्य चुकीचे आहे. त्याचा परिणाम केवळ परीक्षेतील उत्तरापुरता राहत नाही. त्या समजुतीवर लिहिलेला प्रोग्रॅम चुकीचे उत्तर देतो किंवा बरोबर उत्तर फार उशिरा देतो.

उदाहरणांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. संक्रिया, फलने व अंक येथे देवनागरीत लिहिले असले, तरी प्रत्यक्ष भाषेत ते रोमन लिपीतच लिहावे लागतात. घटकांची नावे मात्र खरोखर देवनागरीत चालतात. ‘ग्रंथ’ किंवा ‘लेखक’ हे नाव एक्सएमएल १.० च्या नियमांनुसार पूर्णतः वैध आहे.

नोडची ओळख आणि मूल्य

एका ग्रंथसूचीत एकाच लेखकाचे दोन ग्रंथ आहेत अशी कल्पना करावी. पहिल्या ‘ग्रंथ’ घटकातील ‘लेखक’ नोड $क या चलात आणि दुसऱ्यातील $ख या चलात ठेवला. दोहोंतील मजकूर अक्षरशः एकच आहे. आता $क इंटरसेक्ट $ख याचे उत्तर काय? एसक्यूएलच्या सवयीने पाहणारा ‘एक लेखक’ असे उत्तर देईल. एक्सपाथचे उत्तर रिक्त क्रमिका असे आहे, कारण ते दोन वेगळे नोड आहेत. त्यांचा मजकूर समान असणे हा योगायोग आहे, ओळख नव्हे. याच न्यायाने $क यूनियन $ख याचे उत्तर दोन नोडचे येते.

मूल्यांचा छेद हवा असल्यास $क[. = $ख] असे लिहून डिस्टिंक्ट-व्हॅल्यूज या फलनाने पुनरावृत्ती काढावी लागते. फरकाच्या बाबतीत याहून मोठा सापळा आहे. $क[. != $ख] हे $क मधून $ख ची मूल्ये वगळत नाही. $ख मध्ये वेगळे असे एक जरी मूल्य असले तरी ही अट सत्य ठरते. योग्य रूप $क[नॉट(. = $ख)] हे आहे. समतेच्या चिन्हामागे ‘निदान एक जोडी’ असा अस्तित्ववाचक अर्थ दडलेला आहे, हे लक्षात न घेतल्याने ही चूक होते.

ओळखीचा हा नियम एक्सक्वेरीत अधिक तीव्र होतो. तेथे नवा घटक रचणारी प्रत्येक राशी नवी ओळख निर्माण करते. म्हणून दोनदा रचलेल्या दोन अगदी सारख्या रिक्त घटकांचा छेदही रिक्तच असतो. ऑप्टिमायझरच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की वारंवार येणारी समान उपराशी एकदाच काढून पुन्हा वापरण्याची नेहमीची युक्ती येथे डोळे झाकून वापरता येत नाही. डॉक हे फलन याला अपवाद आहे. एकाच पत्त्यावरचा दस्तऐवज एकाच अंमलबजावणीत दोनदा मागितला तरी तोच नोड मिळतो, ही हमी प्रमाणकाने दिलेली आहे.

ओळख, मूल्य आणि नाव यांची गल्लत मराठीत आणखी एका ठिकाणी संभवते. ‘नोकऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. छापील रूप एकच दिसते, पण घटकाचे नाव तपासणारी चाचणी सांकेतिक क्रमांक पाहते. त्यामुळे दोन रूपे परस्परांशी जुळत नाहीत. त्यातही हे जोडचिन्ह घटकाच्या नावात चालू लागले ते २००८ च्या पाचव्या आवृत्तीपासून.

१९९९ ची उणीव आणि तिची किंमत

एक्सपाथ १.० मध्ये नोड-संच हा स्वतंत्र प्रकार होता. त्याची व्याख्या क्रमरहित व पुनरावृत्तीरहित समूह अशी होती. तथापि संचासाठी संक्रिया मात्र एकच दिली होती, ती म्हणजे उभ्या रेषेने लिहिला जाणारा संयोग. छेद आणि फरक यांना स्थान नव्हते. संच हा प्रकार देऊन त्याच्या तीनपैकी दोन मूलभूत संक्रिया वगळणे ही रचनेतील उघड त्रुटी होती. लहान भाषा ठेवण्याच्या आग्रहाने तिचे समर्थन होत नाही.

ही उणीव वापरकर्त्यांनी चातुर्याने भरून काढली. मायकेल के यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र असे : $क[काउंट(. | $ख) = काउंट($ख)]. $क मधील प्रत्येक नोड $ख मध्ये मिसळून पाहायचा. संख्या वाढली नाही, तर तो नोड $ख मध्ये आधीच होता, म्हणून तो छेदात घ्यायचा. समतेऐवजी असमतेचे चिन्ह लिहिले की फरक मिळतो. तर्क निर्दोष आहे. खर्च मात्र मोठा आहे. सूत्र जसेच्या तसे चालवल्यास $क मधील प्रत्येक नोडसाठी $ख संपूर्ण चाळावा लागतो. दोन्ही संचांत १०,००० नोड असतील, तर सुमारे १० कोटी पायऱ्या होतात. हेच दोन समूह दस्तऐवज-क्रमाने लावलेले असतील, तर दोन रांगा शेजारी-शेजारी वाचत नेऊन छेद काढता येतो आणि त्यासाठी सुमारे २०,००० पायऱ्या पुरतात. गुणाकाराच्या जागी बेरीज येते.

येथे खरा दोष संथपणाचा नाही. सूत्रात लेखकाचा हेतू झाकला जातो, हा खरा दोष आहे. ‘छेद हवा’ ही सरळ गोष्ट मोजणीच्या आडून सांगितल्यामुळे ऑप्टिमायझरला ती ओळखावी लागते. विशिष्ट साचा ओळखण्याची सोय करता येते, पण लेखकाने काउंट($ख) = काउंट($ख | .) असे उलटे लिहिले की साचा बदलतो. जानेवारी २००७ मध्ये शिफारस झालेल्या एक्सपाथ २.० ने इंटरसेक्ट व एक्सेप्ट हे शब्द दिले. त्यामुळे हेतू आणि लेखन यांतील हे अंतर नाहीसे झाले. तरीही जुने सूत्र इतिहासजमा झालेले नाही. ब्राउझरांत अंगभूत असलेले एक्सपाथ आजही १.० च्या पातळीवरच आहे.

२.० मध्ये नोड-संचाची जागा क्रमिकेने घेतली. क्रमिकेत क्रम असतो आणि पुनरावृत्तीही चालते. मात्र तीन संच-संक्रिया आणि तिरकी रेघ यांनी दिलेली नोडची उत्तरे दस्तऐवज-क्रमाने लावलेली व पुनरावृत्तीरहित असावीत, असे बंधन ठेवले गेले. म्हणजे संच हा प्रकार गेला, पण संचाचे वर्तन शिल्लक राहिले. ही तडजोड सैद्धान्तिकदृष्ट्या काहीशी अवघडलेली आहे, परंतु व्यवहारात ती उपयुक्त ठरली आहे.

पुनरावृत्ती काढणे : खर्च की बचत?

क्रम लावणे आणि पुनरावृत्ती काढणे यांकडे सामान्यतः खर्च म्हणून पाहिले जाते. जॉर्ज गॉटलोब, क्रिस्टोफ कोख आणि राइनहार्ड पिख्लर यांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की तत्कालीन अनेक एक्सपाथ प्रणाली क्वेरीच्या लांबीनुसार घातांकी वेळ घेत होत्या. त्यांचे उदाहरण अत्यंत साधे आहे. दस्तऐवजात ‘अ’ हा मूळ घटक आणि त्याची ‘ब’ नावाची दोन अपत्ये, एवढेच. //अ/ब या पथराशीचे उत्तर दोन नोड. तिला /पेरेंट::अ/ब हा तुकडा पुन्हा पुन्हा जोडत गेल्यास उत्तर बदलत नाही, ते दोनच नोड राहतात. परंतु प्रत्येक पायरीवर पुनरावृत्ती काढली नाही, तर वाटा दर वेळी दुप्पट होतात. २० वेळा जोडल्यावर दोन नोडपर्यंत पोहोचण्यासाठी २०,९७,१५२ वाटा चालाव्या लागतात. मधल्या प्रत्येक टप्प्यावर संचाचे वर्तन पाळले, तर ही सगळी वाढ टळते. याच अभ्यासकांनी बहुपदी वेळेत चालणारी रीतही दिली. संचार्थ हा केवळ उत्तराच्या शुद्धतेचा प्रश्न नसून गतीचाही आहे, हे यावरून सिद्ध होते.

याचा अर्थ प्रत्येक पायरीवर क्रम लावलाच पाहिजे असा नाही. यान हिडर्स आणि फिलिप मिशिल्स यांनी २००३ मध्ये नेमका हा प्रश्न हाताळला. एका नोडपासून निघून ‘अपत्य, मग वंशज’ अशी वाट घेतली तर उत्तर आपोआप क्रमाने व पुनरावृत्तीशिवाय येते. ‘वंशज, मग अपत्य’ या वाटेत पुनरावृत्ती येत नाही, कारण प्रत्येक नोडला पालक एकच असतो. क्रम मात्र बिघडतो. ‘वंशज, मग वंशज’ या वाटेत पुनरावृत्तीही येते. केवळ पथराशी पाहून, दस्तऐवज न उघडता हे ठरवता येते. त्यामुळे अनावश्यक पायऱ्या आधीच गाळता येतात. संच-संक्रियांना याचा थेट लाभ होतो, कारण दोन्ही बाजू क्रमाने आलेल्या असतील तरच रांगा शेजारी वाचण्याची स्वस्त रीत लागू पडते.

कोणते नियम टिकतात?

संबंधात्मक ऑप्टिमायझरची मुख्य शक्ती वितरणाच्या नियमांत आहे. अट संयोगाच्या आत ढकलता येते, हा त्यांतील सर्वांत परिचित नियम. एक्सपाथमध्ये ($क | $ख)[अट] आणि $क[अट] | $ख[अट] समान आहेत, पण अट स्थानावर अवलंबून नसेल तोपर्यंतच. ($क | $ख)[१] फार तर एक नोड देते, तर $क[१] | $ख[१] दोन देऊ शकते. तक्त्यातील ओळींना स्थान नसते, म्हणून संबंधात्मक बीजगणितात ही अडचण उद्भवतच नाही.

पुढच्या पायरीवर वितरण होते का, हा प्रश्न अधिक उद्बोधक आहे. संयोगासाठी उत्तर सरळ आहे : ($क | $ख)/प आणि $क/प | $ख/प नेहमी समान नोड देतात, प ही एकच स्थाननिरपेक्ष पायरी असली म्हणजे झाले. छेदासाठी उत्तर अक्षावर अवलंबून आहे. अपत्य-अक्षावर नियम टिकतो, कारण एखादा नोड $क मधील कोणाचेतरी आणि $ख मधील कोणाचेतरी अपत्य असेल, तर तो पालक एकच असणार, म्हणजे तो छेदात असणारच. वंशज-अक्षावर नियम कोसळतो. $क मध्ये एक अध्याय आणि $ख मध्ये तो अध्याय ज्यात आहे तो ग्रंथ ठेवावा. दोहोंचा छेद रिक्त आहे, पण अध्यायातील परिच्छेद दोघांचेही वंशज आहेत. पालक-अक्षावरही हीच गत होते, कारण दोन भिन्न भावंडांचा पालक एक असतो. फरकाची स्थिती छेदासारखीच आहे. ज्या अक्षावर मागे वळून पाहिल्यास एकच वाट दिसते, तेथेच छेद व फरक सुरक्षितपणे पुढे ढकलता येतात. वृक्षाची रचना लक्षात न घेता केवळ संचांचे नियम पाठ करणाऱ्या ऑप्टिमायझरकडून येथे चूक होईल.

एकाच पायरीवरील संच-संक्रिया अटीत रूपांतरित करणे, हा दुसरा उपयुक्त मार्ग. अध्याय/* एक्सेप्ट अध्याय/टीप या राशीत वृक्ष दोनदा चालावा लागतो. अध्याय/*[नॉट(सेल्फ::टीप)] या रूपात एकदाच. मायकेल के यांच्या सॅक्सन या प्रणालीत, दोन्ही बाजूंचा अक्ष एकच असल्यास अशा संक्रिया एका संयुक्त नोड-चाचणीत विलीन केल्या जातात. तथापि हा नियम एकतर्फी मानू नये. घटकांच्या नावांवर अनुक्रमणिका उपलब्ध असेल, तर शीर्षक आणि टीप यांच्या दोन तयार याद्या उचलून त्यांचा संयोग करणे हे सर्व अपत्ये चाळण्यापेक्षा स्वस्त पडू शकते. कोणते रूप चांगले, हे राशी पाहून ठरत नाही. साठवणीची रचना पाहून ठरते.

एसक्यूएलशी साधर्म्य सांगायचेच असेल, तर ते याच साठवणीच्या पातळीवर सांगणे उचित ठरेल. टॉर्स्टन ग्रुस्ट यांनी २००२ मध्ये वृक्षातील प्रत्येक नोडला पूर्वक्रम व उत्तरक्रम असे दोन अंक देऊन संपूर्ण दस्तऐवज एका तक्त्यात मांडण्याची पद्धत विकसित केली. पूर्वक्रमांक म्हणजेच दस्तऐवजातील क्रम, आणि एका दस्तऐवजापुरती तीच नोडची ओळख. ओळख अशा रीतीने मूल्य बनली, की त्या स्तंभावरचा एसक्यूएलचा छेद आणि एक्सपाथचा छेद खरोखर एक होतात. साधर्म्य नावात नाही, या अंकनात आहे.

चालवणे सोपे, पडताळणे कठीण

संच-संक्रियांची चर्चा करताना दोन निराळे प्रश्न बहुधा एकत्र केले जातात. दिलेल्या दस्तऐवजावर क्वेरी चालवणे हा एक प्रश्न. दोन क्वेऱ्या सर्व दस्तऐवजांवर समान उत्तर देतील का, किंवा एकीचे उत्तर दुसरीच्या उत्तरात नेहमी सामावलेले असेल का, हा दुसरा प्रश्न. ऑप्टिमायझरला दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण समानतेची खात्री असल्याशिवाय रूप बदलता येत नाही.

जेरोम मिक्लाऊ आणि डॅन सुचू यांनी २००२ मध्ये दाखवले, की अपत्य-पायऱ्यांना अटी, कोणत्याही नावाशी जुळणारी तारांकित चाचणी आणि वंशज-अक्ष या तिन्हींची जोड दिली, तर समाविष्टतेचा प्रश्न को-एनपी-पूर्ण होतो. यांपैकी कोणतीही दोनच साधने घेतल्यास तो बहुपदी वेळेत सुटतो. बाल्डर टेन कॅट आणि कार्स्टन लुट्झ यांनी पुढे एक्सपाथ २.० च्या समृद्ध अंशांचा अभ्यास केला. त्यांच्या निष्कर्षानुसार, पथांचा छेद भाषेत आला की हा प्रश्न दुहेरी घातांकी वर्गात जातो. पथांचा पूरक आला की तो नॉन-एलिमेंटरी होतो, म्हणजे घातांकावर घातांक असे कितीही ठरावीक मजले रचले तरी त्याला मर्यादा घालता येत नाही. एक्सेप्ट ही संक्रिया याच पूरकाची वाट उघडते.

यावरून एक्सेप्ट टाळावे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. प्रत्यक्ष दस्तऐवजावर ती संक्रिया दोन रांगा वाचण्याइतकी स्वस्त आहे, हे वर आलेच आहे. कठीण आहे ते सर्वसाधारण पडताळणीचे काम. म्हणून व्यवहारातील ऑप्टिमायझर संपूर्ण समानता सिद्ध करण्याच्या मागे लागत नाहीत. वर दिल्यासारखे मोजके, स्वतंत्रपणे सिद्ध झालेले नियम ते जागोजागी लावतात. संशोधनपर लेखनात नॉन-एलिमेंटरी हा शब्द दिसताच संक्रियेलाच महाग ठरवण्याची जी प्रवृत्ती आढळते, ती या भेदाकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

अग्रक्रमाचा प्रश्न

प्रमाणकावर घेण्याजोगा एक आक्षेप राहतो आणि तो सैद्धान्तिक नाही. एसक्यूएलच्या प्रमाणकात छेदाला अग्रक्रम आहे, तर संयोग व फरक एकाच पातळीवर आहेत. एक्सपाथ २.० ने छेद व फरक यांना एका पातळीवर आणि संयोगाला त्यांच्याखाली ठेवले. ही रचना २०१४ च्या ३.० व २०१७ च्या ३.१ या आवृत्त्यांतही कायम आहे. शब्द जवळजवळ तेच, कंस नसलेली राशीही दिसायला तीच, पण अर्थ वेगळा. अंकगणितात गुणाकार बेरजेच्या आधी येतो, तसा छेद संयोगाच्या आधी यावा हे समजण्यासारखे आहे. फरकालाही त्या वरच्या पातळीवर का नेले, याला तितके सबळ कारण दिसत नाही. ज्या वाचकवर्गाला एसक्यूएल आधीपासून येते, त्याच्यासाठी तरी ही निवड गैरसोयीची आहे.

$क मध्ये न१ व न२, $ख मध्ये न२ व न३ आणि $ग मध्ये न१ हे नोड आहेत असे मानावे. $क यूनियन $ख एक्सेप्ट $ग ही राशी एसक्यूएलच्या रीतीने वाचली, तर आधी संयोग होऊन उत्तर न२, न३ असे येते. एक्सपाथमध्ये आधी $ख मधून $ग वजा होतो आणि उत्तरात तिन्ही नोड राहतात, म्हणजे जो न१ वगळायचा होता तोच परत येतो. $क एक्सेप्ट $ख इंटरसेक्ट $ग या राशीतही असाच उलटफेर होतो. एक्सपाथ डावीकडून वाचत जाऊन केवळ न१ देते. एसक्यूएलच्या नियमाने आधी छेद घेतला जातो, तो रिक्त निघतो आणि न१ व न२ दोन्ही उरतात. कोणतीही प्रणाली येथे चुकीची सूचना देत नाही, कारण दोन्ही वाचने आपापल्या व्याकरणात वैध आहेत. कंस घातले, तर दोन्ही भाषांत एकच उत्तर येते.